सुभा म्हणजे देश नव्हे

‘शिखांच्या जुन्या प्रादेशिक पक्षाने, अकाली दलाने, पंजाबी सुभा मागितला, म्हणजे वेगळा देशच मागितला’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. गैरसमज व्हावा असा शब्द आहे खरा.

पण सुभा म्हणजे प्रांत. आपल्याकडच्या ‘सुभेदार’मध्ये तोच आहे. भाषावार प्रांतरचनेत आंध्र 1953 मध्ये झाला, महाराष्ट्र 1960 मध्ये. पंजाबी भाषकांचे राज्य राहून गेले. मागणी त्याची होती, भारतातल्याच एका राज्याची. पुढची खलिस्तानची फुटीर चळवळ वेगळी, ती इथे मिसळू नये.

पडताळायचे तर 1966 चा पंजाब पुनर्रचना कायदा उघडा. तो संसदेचाच. त्यानुसार 1 नोव्हेंबरला पंजाबी भाषकबहुल पंजाब उरला आणि हरियाणा वेगळा झाला. दोघांची सामाईक राजधानी असलेले चंदीगड कोणाचे, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.