३०० रव्यांचे ४४ कसे झाले

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी गुळाच्या आवकेचा छोटा प्रोग्रॅम मी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता. कागदावर ३०० रवे (गुळाच्या ढेपा), स्क्रीनवर ४४. अडतदार शांतपणे म्हणाले, "बाकीचं रवं हमालानं खाल्लं काय?" चूक माझीच. आकडा 'ॲज' हा प्रकार बदलणारा शब्द लिहून 'यू८' या एका बाइटच्या खणात कोंबला होता. त्यात २५५ च्या वर मावत नाही. २५६ गळाले, ४४ उरले. कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरनं चकार शब्द काढला नाही.

ही गुपचूप चुकायची खोड सी भाषेपासूनची. तिथं मजकुराचा आकडा करणाऱ्या 'एटॉय'ला 'गूळ' दिलं तरी शून्य मिळतं आणि खरोखरचं शून्य दिलं तरी शून्यच. फरक ओळखायचा कसा?

एडा भाषा याबाबत कडक, आकडा मावला नाही की ती ओरडते. पण ऐकायला कुणी हवं ना! ४ जून १९९६ ला एरियन ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसली नाही. कोड एरियन ४ चा, त्या रॉकेटला हा आकडा कधी एवढा वाढलाच नव्हता. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून सातपैकी तीन चलांना (आकडे ठेवायच्या खणांना) आकडा न मावल्यास सावरणारं संरक्षण दिलं नव्हतं, त्यातलंच हे एक. दिशा सांगणारे दोन्ही संगणक एकाच कारणानं बंद पडले, सुमारे ४० सेकंदांत रॉकेट संपलं. कहर म्हणजे तो हिशेब उड्डाणानंतर एरियन ५ ला लागतच नव्हता.

मे २०१५ मध्ये रस्ट १.० आली तेव्हा एका प्रकारातून दुसऱ्यात कधीच न फसणाऱ्या बदलांसाठी 'फ्रॉम' होतं. फसू शकणाऱ्यांसाठीच्या 'ट्रायफ्रॉम'चा प्रस्ताव २०१६ चा. हे थेट उत्तराऐवजी उत्तर किंवा त्रुटी असलेला 'रिझल्ट' हातात देतं. तो उघडल्याशिवाय आकडा मिळत नाही. २०१८ मध्ये ते पक्कं करायला घेतलं आणि मागं घ्यावं लागलं. जो बदल फसूच शकत नाही, त्याच्या त्रुटीचा प्रकार कोणता, इथं गाडी अडली. त्यासाठी ठरवलेला 'नेव्हर' प्रकारच (ज्यात कधीच कुठली किंमत नसते) पक्का होईना. शेवटी 'इन्फॉलिबल' नावाचा रिकामा प्रकार जागेवर बसवून ११ एप्रिल २०१९ ला, १.३४ मध्ये, ते आलं. २०२१ च्या आवृत्तीपासून वेगळं आयातही करावं लागत नाही.

'ॲज' मात्र भाषेत अजून आहे. अडतदारांच्या प्रोग्रॅममधून मी तो काढला, खणही मोठा केला.