मर, मानमोडी आणि पाश्चरच्या कोंबड्या

आषाढात आठ-दहा दिवस सलग झड लागली, की गुहागरकडच्या आमच्या वाडीत एखाद्या सकाळी पाखाडीवरून हाक येते, ‘कोंबड्यांत मर शिरलीय, सोडू नका गो!’ मर म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारत नाही. मान पिरगाळून, पंख पाडून मेली तर मानमोडी, बाकी सगळी मर. (१९१८ची इन्फ्लुएंझाची साथही आपल्याकडे मानमोडी म्हणूनच लक्षात राहिली. हा शब्द माणसांनी आणि कोंबड्यांनी वाटून घेतलाय.) मानमोडी म्हणजे राणीखेत. तो विषाणूचा रोग, आणि त्याची लस असते हे निदान लोकांना ठाऊक आहे. उरलेल्या मरीत मात्र एक जिवाणूचा रोग दडून असतो, कोंबड्यांचा कॉलरा. प्रयोगशाळेत लस बनवायची विद्या माणसाला पहिल्यांदा साधली ती याच रोगावर.

नाव फसवं आहे. माणसाची पटकी वेगळी, तिचा जंतू वेगळा. फ्रान्समध्ये १८३६ साली या कोंबड्यांच्या साथीला कॉलरा म्हटलं गेलं तेव्हा जंतू ही कल्पनाच रुळलेली नव्हती. झटपट मरण आणि हगवण, एवढंच दोघांतलं साम्य. कोंबड्यांतल्या जंतूचं नाव पुढे पाश्चुरेला मल्टोसिडा पडलं. मल्टोसिडा म्हणजे पुष्कळांना मारणारा.

तीन वर्षांपूर्वी आत्याच्या खुराड्यात हा रोग जवळून पाहिला. संध्याकाळी दाणे टिपून आत गेलेली तलंग सकाळी कडक झालेली. तुरा जांभळा-निळा, चोचीतून चिकट तार लोंबलेली, मागची पिसं हिरवट-पिवळ्या विष्ठेनं माखलेली. चार दिवसांत सात गेल्या. त्यातही पिल्लं वाचली आणि अंड्यावर आलेल्या मेल्या, हे आत्याला फार लागलं. या रोगाची रीतच तशी. ढोरांच्या डॉक्टरांनी एक ताजी मेलेली उघडली. काळजावर तांबडे बारीक ठिपके, कलेजीवर रव्याचे कण सांडल्यासारखे पांढरे डाग. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंग देऊन त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट अशा इवल्या कांड्या दिसल्या, मिटलेल्या सेफ्टी पिनांसारख्या.

याच कांड्या फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरच्या काचेखाली होत्या. इटलीत पेरोंचितो यांनी १८७८ मध्ये त्या पाहिल्या होत्या, आणि तुलूझच्या तूसँ यांनी या रोगाचा नमुना पाश्चरकडे पाठवला होता. जंतू नेहमीच्या यीस्टच्या पाण्यात वाढेना. पाश्चरनं कोंबडीचाच रस्सा करून त्यातला आंबटपणा घालवला, तेव्हा तो भराभर वाढला. त्या रश्शाचे थेंब टाकलेला पाव खाल्ला तरी कोंबडी मरे, आणि तिच्या विष्ठेतून शेजारणीला रोग लागे. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकातली. सुट्टीत विसरून राहिलेला जुना रस्सा टोचला, कोंबड्या थोड्या आजारी होऊन सावरल्या, आणि नंतर ताजा जहाल जंतू टोचला तरी मेल्या नाहीत. पाश्चरच्या वह्या अभ्यासकांच्या हाती आल्यावर ही गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. मधे बरेच महिने खटपट होती आणि तीत सहकारी एमिल रू यांचा हात होता. पाश्चरनं १८८०च्या फेब्रुवारीत शोध जाहीर केला, पण जंतू कमजोर कसा करायचा हे ऑक्टोबरपर्यंत सांगितलं नाही. रस्सा हवेशी संपर्कात ठेवून शिळा करायचा, एवढंच ते गुपित. आमच्याकडे एखादी म्हातारी माशाच्या कालवणाचा मसाला सांगताना एक जिन्नस मागे ठेवते, तसंच हे.

याच जोरावर १८८१ मध्ये ढोरांच्या फाशीची (अँथ्रॅक्सची) लस आली आणि १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची. १८८८ मध्ये तर पाश्चरनं ऑस्ट्रेलियातले ससे मारायला हाच कोंबड्यांचा जंतू देऊन आपला भाचा तिकडे पाठवला. सशांचा बंदोबस्त करणाऱ्याला २५ हजार पौंडांचं बक्षीस लागलं होतं. तिथल्या सरकारनं जंतू मोकळा सोडू दिला नाही.

मुंबईत ही परंपरा जंतुशास्त्रज्ञ हाफकिन घेऊन आले. ते पाश्चरच्या संस्थेतूनच हिंदुस्थानात आले होते. १८९६ मध्ये प्लेग आला, चाकरमानी गलबतांतून कोकणात पळाले, आणि १८९७च्या जानेवारीत हाफकिननी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. जनावरांसाठी सरकारी प्रयोगशाळा त्याआधीच, १८८९ साली पुण्यात निघाली होती. ती १८९३ मध्ये हिमालयात कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली. तिथे खरी धास्ती गुरांच्या बुळकांडीची. बैल मेला तर शेत पडीक राहतं. कोंबडी मेली तर घरची बाई हळहळते. सरकारी प्राधान्य कुठे असणार, हे सांगायला नको.

आणि तरीही हा जंतू कोकणच्या गोठ्यात अगदी ओळखीचा आहे. गाईम्हशींचा घटसर्प होतो तो याच पाश्चुरेला मल्टोसिडामुळे, फक्त त्याचा प्रकार निराळा: कोंबड्यांत बहुधा ‘ए’, आपल्याकडच्या ढोरांत ‘बी’. पाऊस लागण्याआधी घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घ्यायला वाड्यावाड्यांत ढोरं बांधतात. पलीकडे खुराड्यात त्याच घराण्यातला जंतू असेल, हे त्या गर्दीत कुणाच्या मनात येत नाही.

पाणपक्ष्यांचा अध्याय नंतरचा. १९४४च्या सुमारास अमेरिकेत टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या पाणथळीत रानबदकं या रोगानं मरताना दिसली, आणि पुढे तिकडे हिवाळ्यात हजारोंनी मरू लागली. कमी पाण्यात दाटीनं उतरलेले पक्षी आणि त्याच पाण्यात पडलेली मढी, एवढं या जंतूला पुरतं. आपल्याकडे खाडीकाठी बदकं पाळणारी घरं थोडी. पण मेलेली कोंबडी पऱ्यात फेकायची सवय सगळ्यांची, आणि खालच्या अंगाला कुणाची तरी बदकं पोहत असतातच.

२०२१च्या जानेवारीत दापोलीत मेलेले कावळे बर्ड फ्लूचे निघाले, तेव्हापासून दोन कोंबड्या मेल्या की लोक त्याच नावानं घाबरतात. काचेवरचा रक्ताचा थेंब तपासेपर्यंत हा कुठला रोग, ते बाहेरून कळत नाही. पाश्चरची लसही पुरती भरवशाची नव्हती. या जंतूचे १६ उपप्रकार निघाले, आणि एकावरची मारलेल्या जंतूंची लस दुसऱ्याला थोपवेलच असं नाही. सल्फा किंवा प्रतिजैविक पाण्यातून दिलं की मर थांबते, औषध बंद झालं की कधी कधी परत उठते.

ती परत का उठते, याचं उत्तर पाश्चरच्या टिपणांत आहे. गिनीपिगला हा जंतू टोचला तर त्याला नुसतं गळू व्हायचं; तो खातपीत मजेत असायचा, पण त्या गळूतला पू कोंबडीला मारायचा. आत्याच्या खुराड्यात गिनीपिगचं काम उंदीर करतात, आणि आजारातून उठलेल्या कोंबड्याही. त्या साथीतून तिची एक कवडी कोंबडी वाचली. चोचीखालचं लोंबतं कातडं एका बाजूनं सुजलेलं राहिलं, बाकी ठणठणीत. आत्या म्हणाली, ‘हिचं रक्त काटक आहे,’ आणि भाद्रपदात तिलाच अंडी उबवायला, रवणीला बसवलं.