स्वयम की स्वयंप्रभा? मोबाइलवर दोन्ही सारखंच दिसतं

गेल्या सत्राच्या शेवटी बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी वही घेऊन माझ्याकडे आली. प्रत्येक व्याख्यानाची तारीख घालून टिपणं काढलेली, आकृत्या लाल शाईत. "सर, स्वयमचा कोर्स पूर्ण झाला. सर्टिफिकेट कधी मिळणार?" तिचा मोबाइल बघितला. सबंध सत्र ती बघत होती ते स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ नव्हतंच, स्वयंप्रभा होतं. नाव कुठेच नोंदलेलं नाही, त्यामुळे पदवीत धरलं जाणारं क्रेडिटही नाही. तिला ते सांगताना जीभ जड झाली, कारण हा फरक पहिल्याच आठवड्यात वर्गात सांगायचं काम माझं होतं.

घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही योजना केंद्र सरकारच्या, दोन्ही ९ जुलै २०१७ या एकाच दिवशी सुरू झालेल्या, आणि नावं जुळ्या बहिणींची असावीत तशी.

स्वयंप्रभा म्हणजे मुळात टीव्हीच्या वाहिन्या. सुरुवातीला ३२ होत्या, पुढे वाढल्या. उपग्रहावरून प्रक्षेपण होतं आणि घरावर डीडी फ्री डिशची छत्री असली की इंटरनेटशिवाय दिसतं. रोज चार तासांचा नवा कार्यक्रम आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा, म्हणजे शेतातून संध्याकाळी परतलेल्या मुलालाही सकाळचं व्याख्यान सापडतं. जिथे मोबाइलला रेंज धरत नाही अशा वाड्यावस्त्यांसाठी ही सोय आहे आणि मला ती मोलाची वाटते. पण याच वाहिन्यांची व्याख्यानं संकेतस्थळावर आणि यूट्यूबवरही आहेत. फोनवर 'स्वयम' शोधलं की तीही समोर येतात. त्यात आयआयटीच्या प्राध्यापकांची काही व्याख्यानं दोन्हीकडे असतात. फळा तोच, आवाज तोच, मग मुलांना फरक कळावा कसा?

फरक नोंदणीत आहे. स्वयंप्रभाला तुम्ही कोण ते माहीत नसतं. स्वयमवर मात्र खातं उघडून, ठरावीक मुदतीत अभ्यासक्रमाला नाव नोंदवावं लागतं. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात. व्हिडिओसोबत वाचनसाहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा मिळते. स्वयमवरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि तिची तारीख चुकली की चुकली. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंट धरून २५ गुण, परीक्षेचे ७५. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात.

इथे आणखी एक खाच आहे, तिथे हुशार मुलंही अडखळतात. कोर्सला नाव नोंदवणं फुकट, पण परीक्षेचा अर्ज वेगळा आणि त्याचं शुल्कही वेगळं. सगळ्या असाइनमेंट केल्या आणि हा अर्ज राहिला, तर हातात काही येत नाही. शिकणं फोनवर होतं, पण परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

क्रेडिटचं म्हणाल तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. मात्र तुमचं विद्यापीठ तो विशिष्ट कोर्स धरतं का, हे विभागात आधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

डेटा पुरत नसेल तर व्हिडिओच्या मागे न लागता आधी वाचनसाहित्याची पीडीएफ उतरवून घ्या. एका व्याख्यानाच्या व्हिडिओपेक्षा ती कितीतरी हलकी असते.

मुलांना आता मी पहिल्याच दिवशी फोन काढायला लावतो. स्वयमच्या खात्यात शिरा, त्या कोर्सपुढे स्वतःचं नाव आणि पुढच्या असाइनमेंटची तारीख दिसते का बघा. दिसत नसेल, तर तुम्ही नुसतं बघताय.

त्या विद्यार्थिनीने जानेवारीत रीतसर नाव नोंदवलं. पहिल्या तीन आठवड्यांच्या असाइनमेंट तिने त्याच वहीवरून सोडवल्या.