पिकअप ट्रकमधील डीझेल एंजिन-बदल

जुन्या पिकअप ट्रकचे मूळ पेट्रोल एंजिन उतरवून त्याच्या जागी डीझेल एंजिन बसविण्याची पद्धत. बसविले जाणारे एंजिन सामान्यतः दुसऱ्या वाहनातून काढलेले असते. ही पद्धत प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली. तिला काही जण ‘डीझेलीकरण’ म्हणतात. परंतु पेट्रोल एंजिनाच्याच मापांवरून डीझेल एंजिन घडविणे असाही त्या शब्दाचा अर्थ होत असल्याने प्रस्तुत नोंदीत ‘एंजिन-बदल’ ही संज्ञा वापरली आहे. या दोन गोष्टींच्या सरमिसळीतून झालेल्या गैरसमजाचा उल्लेख पुढे येईल.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. एका मतानुसार तो क्लेसी कमिन्स यांच्या प्रयोगापाशी जातो. कोलंबस (इंडियाना) येथे १९१९ मध्ये डीझेल एंजिनांचा कारखाना काढणाऱ्या कमिन्स यांनी १९२९ च्या अखेरीस आपले ‘यू’ जातीचे चार सिलिंडरांचे एंजिन, जे मुळात नौकांसारख्या कामांसाठी होते, एका जुन्या पॅकार्ड मोटारगाडीत बसविले आणि जानेवारी १९३० मध्ये ती गाडी इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनापर्यंत चालवीत नेली. सुमारे ८०० मैलांच्या या प्रवासात १ डॉलर ३८ सेंट इतकेच इंधन लागले, असा आकडा सर्वत्र दिला जातो. पेट्रोल एंजिन काढून डीझेल एंजिन बसविणे एवढाच निकष लावला, तर हे उदाहरण त्यात बसते; मात्र ती प्रवासी मोटार होती व तिचा हेतू कारखान्याच्या मालाची जाहिरात हा होता.

दुसरे मत ब्रिटनकडे बोट दाखविते. तेथे १९३० नंतरच्या दशकात गार्डनर आणि पर्किन्स या कारखान्यांची डीझेल एंजिने मुळात पेट्रोलवर चालणाऱ्या बसगाड्या व मालमोटारींत बसविली जाऊ लागली. पीटरबरो येथे १९३२ मध्ये स्थापन झालेल्या पर्किन्स कारखान्याची सुरुवातीची विक्री बऱ्याच अंशी अशा बदलांवर उभी होती. वाहनमालक इंधनखर्च वाचविण्यासाठी जुने वाहन कायम ठेवतो व फक्त एंजिन बदलतो, हे या व्यवहाराचे आर्थिक सूत्र तेथे प्रथम स्पष्ट दिसते. तिसरे मत १९७३–७४ व १९७९ च्या तेलटंचाईला महत्त्व देते. टंचाईमुळे डीझेलविषयी कुतूहल वाढले हे खरे असले, तरी पिकअपमध्ये सहज मावेल असे दणकट व मुबलक एंजिन त्या काळी बाजारात जवळजवळ नव्हते. पिकअपपुरता विचार करता, ही पद्धत खऱ्या अर्थाने फोफावली ती १९८९ नंतर, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. त्या वर्षीच्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५·९ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन मिळू लागले आणि काही वर्षांतच ते मोडीच्या बाजारात येऊ लागले.

ओल्ड्समोबिल एंजिनाचा प्रश्न : जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने १९७८ साली बाजारात आणलेले ५·७ लिटरचे व्ही-८ डीझेल एंजिन हलक्या पिकअपमध्येही दिले जात असे. ते म्हणजे डीझेलवर चालविलेले पेट्रोल एंजिनच होय, हा समज आजही पक्का आहे आणि तो अर्धाच खरा आहे. सिलिंडरचा व्यास व एकूण ठेवण पेट्रोल एंजिनावरून घेतली होती, हे निर्विवाद आहे. परंतु ब्लॉकचे ओतकाम वेगळे व जाड होते आणि क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांचा व्यासही वाढविलेला होता; पुढे शर्यतीची पेट्रोल एंजिने बांधणाऱ्यांनी हेच डीझेल ब्लॉक शोधून वापरले, यावरून त्यांच्या मजबुतीची कल्पना येते. दोष होता तो सिलिंडर-हेडच्या बोल्टांत. त्यांची संख्या व मांडणी पेट्रोल एंजिनाप्रमाणेच ठेवल्याने डीझेलच्या दाबाखाली ते ताणले जात, गॅस्केट फुटे आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरे. त्यातच इंधनातील पाणी वेगळे करणारा गाळक दिलेला नव्हता. उत्पादन १९८५ मध्ये थांबले. अशा अनेक वाहनांत मालकांनी पेट्रोल एंजिन बसवून घेतले, म्हणजे प्रस्तुत पद्धतीच्या नेमका उलट बदल केला. जनरल मोटर्सचे ६·२ लिटरचे (१९८२) आणि फोर्डमध्ये आलेले इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ६·९ लिटरचे (१९८३) एंजिन मात्र डीझेल म्हणूनच आखलेले होते.

वापरात असलेली एंजिने : यांत्रिक नियंत्रणाची एंजिने पसंत केली जातात, कारण ती चालण्यास संगणक लागत नाही. कमिन्स ५·९ लिटर एंजिनाच्या बारा झडपांच्या आवृत्तीला १९९३ पर्यंत बॉश कंपनीचा फिरता (व्हीई) इंधन-पंप व १९९४ पासून सरळ रांगेतील पी-७१०० पंप होता. १९९८ च्या मध्यापासून आलेल्या चोवीस झडपांच्या आवृत्तीत इलेक्ट्रॉनिक पंप असल्याने जुन्या ट्रकसाठी ती मागे पडते. याच कुळातील ३·९ लिटरचे चार सिलिंडरांचे एंजिन पाव व खाद्यपदार्थ दुकानोदुकानी पोहोचविणाऱ्या पेटीवजा गाड्यांतून काढलेले मिळते. लहान पिकअपसाठी मर्सिडीझ-बेंझचे पाच सिलिंडरांचे ओएम-६१७, तसेच इसुझू, टोयोटा व फोक्सवॅगन यांची एंजिने वापरली जातात.

बसविण्याचे तंत्र : पहिली अडचण वजनाची येते. शेव्हरोलेटच्या लहान ब्लॉकच्या व्ही-८ पेट्रोल एंजिनाचे वजन सुमारे २६० किग्रॅ., तर ५·९ लिटर कमिन्सचे ५०० किग्रॅ.च्या आसपास असते. म्हणजे पुढील आसावर जवळजवळ तीन माणसांचा भार कायमचा वाढतो. त्यासाठी पुढील पाटे किंवा स्प्रिंगा बदलाव्या लागतात, माउंटिंग नव्याने वेल्ड करावी लागतात आणि चारही चाकांना चालना असलेल्या ट्रकमध्ये ऑइल-पॅनचा खोल भाग पुढील आसावर आदळणार नाही हे आधीच पाहावे लागते. एंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये जोडपट्टी बसवितात. बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढील घंटाकृती कवचाचे) छिद्र क्रँकशाफ्टशी एककेंद्री आहे की नाही हे डायल गेजने तपासतात, ०·१ मिमी.हून फारसा अधिक फरक राहिल्यास गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगचे आयुष्य घटते. घाईत वगळली जाणारी पायरी हीच.

गिअर-गुणोत्तराकडे मात्र सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि बदल फसण्यामागे बहुधा तेच कारण असते. पेट्रोल एंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांपर्यंत सहज जाते. सुरुवातीच्या कमिन्स ५·९ ची १६० अश्वशक्ती ही कमाल शक्ती २,५०० फेऱ्यांनाच मिळे आणि त्यापुढे गव्हर्नर (वेगनियंत्रक) इंधन तोडू लागे. टायरचा व्यास ७६ सेंमी. धरला, तर ताशी १०० किमी. वेगाला चाकाचे मिनिटाला सुमारे ६९८ फेरे होतात. डिफरन्शियलचे (आसावरील गिअरसंचाचे) गुणोत्तर ४·१० असल्यास थेट (१:१) गिअरमध्ये एंजिनाला २,८६० फेरे करावे लागतील, म्हणजे ट्रक त्या वेगाला पोहोचणारच नाही. गुणोत्तर ३·५४ केल्यास २,४७० फेरे होतात, जे जेमतेम आहेत. त्याला ०·७३ च्या ओव्हरड्राइव्हची (एंजिनाचे फेरे कमी ठेवणाऱ्या वरच्या गिअरची) जोड दिली, तर एंजिन १,८०० फेऱ्यांवर निवांत चालते. टॉर्क (फिरविण्याचा जोर) कमी फेऱ्यांनाच भरपूर मिळत असल्याने (सुमारे ५४० न्यूटन-मीटर) चढावर याचा तोटा होत नाही. उलट जुना हलका गिअरबॉक्स व मागील आस हा टॉर्क सोसतील का, हे पाहावे लागते.

पेट्रोल एंजिन काही गोष्टी जाता जाता पुरवीत असते, त्यांची आठवण ते काढल्यावरच होते. त्यातील मुख्य म्हणजे निर्वात. पेट्रोल एंजिनात थ्रॉटल झडपेमागे इनटेक मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो व ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढविणारे साधन) त्यावरच चालतो. या डीझेल एंजिनांत हवा रोखणारी झडपच नसल्याने तो निर्वात मिळत नाही आणि ब्रेक पायाखाली दगडासारखा घट्ट लागतो. त्यासाठी स्वतंत्र निर्वात-पंप बसवितात किंवा स्टिअरिंगच्या तेलदाबावर चालणारा बूस्टर घेतात. काही जुन्या स्वयंचलित गिअरबॉक्सना गिअर कधी बदलावा याचा इशाराही निर्वाताकडूनच मिळत असल्याने तेथेही पंप जोडावा लागतो. फेरेमापकाला इग्निशन कॉइलमधून मिळणारा संकेत नाहीसा होतो, तो अल्टरनेटरच्या टर्मिनलवरून घेतात. किल्ली बंद केली तरी एंजिन थांबत नाही, कारण तोडण्यासाठी ठिणगीच नसते. पंपावरील इंधन-बंद सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किल्लीच्या तारेला किंवा पंपाचा थांब-दांडा केबलला जोडावा लागतो. टर्बोचा सील गळून एंजिन स्वतःचेच तेल जाळीत बेफाम सुटल्यास इंधन तोडूनही उपयोग होत नाही. हवेचा मार्ग बंद करणे एवढाच उपाय उरतो.

इंधनाच्या टाकीतून पेट्रोलचा अंश व गंज पूर्ण काढावा लागतो. पंपाकडून परत येणाऱ्या जादा डीझेलसाठी टाकीपर्यंत परतीची नळी टाकावी लागते व वाटेत पाणी वेगळे करणारा गाळक बसवितात. शिसेविरहित पेट्रोलसाठी बनविलेल्या ट्रकच्या टाकीचे तोंड मुद्दाम अरुंद असते. डीझेलची सुमारे २४ मिमी. व्यासाची तोटी त्यात शिरत नाही, म्हणून आतील पट्टी कापून काढतात. प्रथम सुरू करताना नळ्यांतील हवा काढावी लागते : नोझलकडील नट थोडे सैल करून स्टार्टर फिरवितात आणि बुडबुड्यांविना इंधन पाझरू लागले की एकेक नट आवळतात. दाबाखालील बारीक झोत कातडीतून आत शिरू शकतो, म्हणून गळती बोटाने चाचपणे धोक्याचे. थंडीत सुरू होण्यासाठी एंजिनाच्या जातीनुसार ग्लो-प्लग (सिलिंडरात उष्णता देणारी विजेची कांडी) किंवा हवा तापविणारी जाळी लागते, आणि जड स्टार्टरसाठी बहुधा दोन बॅटऱ्या.

कायदा व अर्थकारण : अमेरिकेच्या संघीय धोरणानुसार, एंजिन बदलल्यावर वाहन त्याच किंवा नंतरच्या वर्षीच्या एखाद्या प्रमाणित रचनेशी जुळावे लागते, न जुळल्यास तो प्रदूषणनियंत्रण यंत्रणेतील हस्तक्षेप समजला जातो. जड वाहनवर्गासाठी प्रमाणित झालेले एंजिन हलक्या ट्रकमध्ये बसविताना ही अट अडचणीची ठरते. कॅलिफोर्नियात १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल वाहनांना नियमित धूरतपासणीतून सूट आहे आणि बदलांसाठी जुने ट्रक शोधले जाण्यामागे हेही एक कारण आहे.

डीझेलच्या प्रत्येक लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १३ टक्के अधिक ऊर्जा असते आणि संपीडन गुणोत्तर जवळजवळ दुप्पट असल्याने तिचा उपयोगही अधिक चांगला होतो. तथापि अमेरिकेत गॅलनमागे संघीय कर पेट्रोलवर १८·४ सेंट, तर डीझेलवर २४·४ सेंट आहे आणि २००४ च्या उत्तरार्धापासून डीझेल बहुतेक काळ महागच राहिले आहे. केवळ इंधनबचतीतून बदलाचा खर्च भरून निघतो हा जुना युक्तिवाद त्यामुळे क्षीण झाला असून, ओढण्याची ताकद व दीर्घायुष्य ही कारणे पुढे आली आहेत. २००६ पासून रस्त्यावरील डीझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांपर्यंत उतरविण्यात आले. त्यासाठीच्या प्रक्रियेत इंधनाचा स्वाभाविक स्निग्धपणा घटत असल्याने शुद्धीकरणानंतर त्यात वंगणकारी द्रव्ये मिसळतात. जुन्या पंपांचे रबरी सील मात्र बदलत्या इंधनाने आकसून पाझरू शकतात, म्हणून मोडीतून आणलेले एंजिन बसविण्यापूर्वीच पंप उघडून नवे सील घालण्याची प्रथा पडली आहे.