दिग्गज गोल्फपटू आणि नवी पिढी

थोर गोल्फपटूची कामगिरी पाहून किंवा ऐकून मुले या खेळाकडे वळतात आणि त्यातून पुढच्या १०-१५ वर्षांत नवे खेळाडू तयार होतात, असे गोल्फच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. अमेरिका, स्पेन, दक्षिण कोरिया आणि अलीकडे भारत येथे याची ठळक उदाहरणे आढळतात. बेळगाव सीमाभागात गोल्फ हा गल्लीतला खेळ नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत कुस्ती, क्रिकेट, हॉकी, कबड्डी आणि फुटबॉल यांचे वेड आहे. पण मोठ्या पैलवानाचे नाव ऐकून पोराने लंगोट कसावा, ही इथली जुनी रीत आहे. त्यामुळे गोल्फमधली प्रेरणा कशी चालते, हे इथल्या वाचकाला लवकर उमगते.

खेळाचे वेगळेपण

गोल्फमध्ये १८ होलची (खड्ड्यांची) फेरी असते. ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसलेला चेंडू १०८ मिलिमीटर व्यासाच्या खड्ड्यात कमीत कमी फटक्यांत घालायचा असतो. प्रत्येक होलसाठी ठरलेल्या फटक्यांना पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब (फटका मारायच्या काठ्या) जवळ ठेवता येतात.

नव्या पिढीच्या दृष्टीने या खेळाच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हँडिकॅप. कच्च्या खेळाडूला त्याच्या कुवतीप्रमाणे फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे १२ वर्षांची मुलगी आणि ६० वर्षांचे आजोबा खऱ्या चुरशीने एकत्र खेळू शकतात. दुसरी म्हणजे कारकिर्दीची लांबी. जॅक निकलस १९८६ साली वयाच्या ४६ व्या वर्षी मास्टर्स ही प्रमुख स्पर्धा जिंकला. टॉम वॉटसन २००९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ५९ व्या वर्षी विजेतेपदापासून एका पटाच्या (होलजवळच्या हलक्या फटक्याच्या) अंतरावर होता आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळात, हरला. पैलवान किंवा धावपटू तिशी-पस्तिशीत थांबतो, पुढे त्याच्या गोष्टी उरतात. गोल्फमधला दिग्गज मात्र नातवाच्या वयाच्या खेळाडूंबरोबर प्रत्यक्ष मैदानात दिसतो.

वडीलधाऱ्यांमार्फत पोचणारा नायक

प्रेरणा म्हटली की नायक आणि मूल अशी थेट जोडी डोळ्यांसमोर येते. गोल्फच्या इतिहासात मात्र या दोघांच्या मधे बहुतेक वेळा घरातले कोणीतरी उभे असते, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर ही प्रक्रिया अर्धीच कळते.

बॉबी जोन्स हा हौशी खेळाडू. १९३० साली त्याने त्या काळच्या चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्याआधी १९२६ ची यूएस ओपन त्याने ओहायो राज्यातल्या सायोटो क्लबवर जिंकली होती. ती पाहायला चार्ली निकलस नावाचा एक शाळकरी पोरगा गेला होता. पुढे चार्ली औषधविक्रेता झाला, त्याच सायोटो क्लबचा सभासद झाला आणि १९४० साली जन्मलेल्या आपल्या मुलाला जोन्सच्या गोष्टी सांगू लागला. तो मुलगा म्हणजे जॅक निकलस. त्याने पुढे १८ प्रमुख विजेतेपदे मिळवली, हा पुरुष गोल्फमधला आजवरचा उच्चांक आहे. जोन्सचा भर जॅकच्या जन्माआधीच ओसरला होता. वडिलांच्या तोंडून ऐकलेला जोन्सच त्याच्या मनात घर करून राहिला.

निकलसनंतरचा दुवा टायगर वुड्स. त्याने लहानपणी खोलीत निकलसच्या कामगिरीची यादी लावली होती, हे सर्वश्रुत आहे. ती १८ विजेतेपदांची यादी होती असा समज आहे, पण वुड्सने सांगितल्याप्रमाणे तिच्यात वये होती. निकलसने कितव्या वर्षी पहिल्यांदा ८० च्या आत फेरी संपवली, पहिली स्पर्धा केव्हा जिंकली, पहिली यूएस अमॅच्युअर (हौशी खेळाडूंची स्पर्धा) केव्हा, पहिली यूएस ओपन केव्हा. म्हणजे आपल्या वयाचा निकलस काय करत होता, हे त्या मुलाला रोज दिसत होते. १८ विजेतेपदे बघून १० वर्षांचे पोर दबून जाईल, पण ‘या वयात एवढे’ हे त्याला मोजता येते आणि गाठताही येते. वुड्सच्या मागे त्याचे वडील अर्ल होते, त्यांनी चालायला लागल्यापासून त्याच्या हातात क्लब दिला होता. १९९७ साली २१ व्या वर्षी वुड्सने मास्टर्स १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली.

स्पेनमधला धागाही असाच आहे. पेद्रेन्या या समुद्रकाठच्या गावातला सेव्ह बायेस्तेरोस गरीब घरातला. जुन्या ३ नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) वाळूत फटके मारत तो शिकला, कॅडीचे (खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचे) काम केले आणि १९७९ साली ब्रिटिश ओपन जिंकला. १९९७ च्या रायडर चषकात, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्या संघांतल्या लढतीत, तो युरोपचा कर्णधार होता आणि सामने स्पेनमध्येच, वाल्देरामाला झाले. ते पाहून बास्क प्रांतातल्या एका गृहस्थांनी गोल्फ खेळायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा यॉन राम तेव्हा ३ वर्षांचाही झाला नव्हता. २०२१ साली राम यूएस ओपन जिंकणारा पहिला स्पॅनिश खेळाडू ठरला. २०२३ ची मास्टर्स त्याने ९ एप्रिलला जिंकली, तो बायेस्तेरोसचा जन्मदिवस.

से री पाक आणि कोरियाच्या मुली

एका खेळाडूने अख्ख्या देशाचा खेळ बदलल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. १९९७ च्या अखेरीस आशियातल्या आर्थिक अरिष्टाने कोरियाला घेरले. देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा होता, कारखाने बंद पडत होते, माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. अशा वेळी २० वर्षांची से री पाक अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ब्लॅकवुल्फ रन मैदानावर, १९९८ ची महिलांची यूएस ओपन खेळत होती.

चार दिवसांच्या खेळानंतर तिची आणि हौशी खेळाडू जेनी चुआसिरिपोर्न हिची बरोबरी झाली. सोमवारी १८ होलचा प्लेऑफ ठेवण्यात आला. त्यातल्या शेवटच्या होलवर पाकचा पहिला फटका डावीकडे गेला आणि चेंडू तळ्याच्या काठच्या उतरत्या गवतात अडकला. दंडाचा एक फटका सोसून चेंडू बाहेर ठेवण्याची मुभा होती. पाकने बूट काढले, मोजे काढले आणि ती पाण्यात उतरली. उन्हाने रापलेल्या पोटऱ्या आणि मोज्यांच्या रेषेखालची पांढरीफटक पावले टीव्हीवर स्पष्ट दिसत होती. वर्षानुवर्षे उन्हात केलेला सराव त्या एका रेषेत दिसला. पाण्यात उभी राहून तिने चेंडू बाहेर काढला, बरोबरी टिकवली आणि पुढे सडनडेथच्या (जो आधी होल जिंकेल तो विजेता) दुसऱ्या होलवर सामना जिंकला.

कोरियात तेव्हा पहाट होत होती. इन्बी पार्क ही १० वर्षांची होत आलेली मुलगी आईवडिलांच्या ओरडण्याने जागी झाली. ते पाकचा सामना बघत होते. दोनच दिवसांत तिने क्लब हातात घेतला. २००८ साली १९ व्या वर्षी ती तीच यूएस ओपन जिंकली, २०१३ साली तिने वर्षातल्या पहिल्या तिन्ही प्रमुख स्पर्धा लागोपाठ जिंकल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. गोल्फ १९०४ नंतर प्रथमच ऑलिंपिकमध्ये परतले होते आणि कोरियाच्या महिला संघाची प्रशिक्षक होती स्वतः से री पाक. त्या पहाटेनंतर खेळाकडे आलेल्या मुलींच्या पिढीला जगभर ‘से री किड्स’ म्हणतात. इथेही आधी जागे झाले ते आईवडील, हे विसरता कामा नये.

भारत

भारतात गोल्फ इंग्रजांबरोबर आले. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना मानला जातो. पुढे दीर्घकाळ हा खेळ छावण्या, साहेबांचे क्लब आणि बड्या घराण्यांपुरता राहिला. त्याला पहिला जोरदार धक्का कॅडींनी दिला. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. दुसऱ्याची बॅग खांद्यावर वाहणारा पोरगा त्याच मैदानावर विजेता होऊ शकतो, हे कॅडींच्या वस्तीतल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेत असेच १९१३ साली घडले होते. मैदानासमोर राहणारा, कॅडीचे काम केलेला २० वर्षांचा फ्रान्सिस विमेट याने हॅरी वार्डन आणि टेड रे या नामांकित ब्रिटिश खेळाडूंना हरवून यूएस ओपन जिंकली, तेव्हा त्याची बॅग १० वर्षांच्या एडी लोवरीने वाहिली होती.

त्यानंतर धावपटू मिल्खा सिंग यांचे चिरंजीव जीव मिल्खा सिंग युरोपियन टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) पोचले आणि २०१० साली अर्जुन अटवाल अमेरिकेतल्या पीजीए टूरवर स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय झाला.

कर्नाटकाच्या दृष्टीने सर्वांत मोठे नाव बेंगळुरूच्या अदिती अशोकचे. तिच्या घरात कोणी गोल्फ खेळत नव्हते. ५ वर्षांची असताना कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे मैदान बाहेरून पाहून तिला कुतूहल वाटले आणि आई, वडील, मुलगी असे तिघेही एकदमच शिकू लागले. रिओ ऑलिंपिकमध्ये वडील तिचे कॅडी होते, टोकियोत आई. ७ ऑगस्ट २०२१ च्या सकाळी, नीरज चोप्राच्या सुवर्णफेकीच्या दिवशीच, बर्डी म्हणजे काय हे ठाऊक नसलेली लाखो घरे टीव्हीसमोर बसली होती. अदिती १५ अंडर पारवर, म्हणजे पारपेक्षा १५ फटके कमी घेऊन, चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकले. पदक हुकल्याची हळहळ मोठी होती, पण त्या सकाळी मराठी घरांत जेवढे गोल्फ बोलले गेले तेवढे आधी कधी बोलले गेले नसेल.

बेळगाव सीमाभाग

बेळगावचा कॅम्प ही ब्रिटिश काळापासूनची लष्करी छावणी, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. लष्करी शिस्तीचा खेळावर परिणाम शहरभर जाणवतो. पहाटे रस्त्याने धावणारी भरतीची पोरे हे बेळगावचे नेहमीचे दृश्य आहे. याच रेजिमेंटमध्ये सेवा केलेले गोलरक्षक शंकर लक्ष्मण १९५६ आणि १९६४ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या हॉकी संघांत होते. १९६४ च्या टोकियो संघात बेळगावचे बंडू पाटीलही होते. अलीकडे तुरमुरीच्या शेतकरी घरातल्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवले. तोवर कुराशचे नावही न ऐकलेल्या गावांना ते तिच्यामुळे कळले. अनोळखी खेळ एका ओळखीच्या मुलीमुळे घरचा होतो, हे सीमाभागाने असे स्वतः अनुभवले आहे.

प्रेरणेची मूळ घडण मात्र तालमीत पाहावी. आत शिरताना डोके वाकवावे लागते असे बुटके दार, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, भिंतीवर जुन्या मल्लांच्या काळपटलेल्या तसबिरी आणि खाली ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली तांबडी माती. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलेल्या खाशाबा जाधवांचे नाव इथे नव्या पोराच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडते. त्याआधी आजोबांनी किंवा काकांनी त्याला बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात, नाहीतर कोल्हापूरच्या खासबागेत खांद्यावर बसवून निकाली कुस्ती दाखवलेली असते. हलगी कडाडते, फेटे उडतात, आणि घरी परतताना आजोबा कोणत्या पैलवानाने कोणता डाव टाकला ते समजावत असतात. मग वस्ताद त्या पोराला हाताशी धरतो. थोर मल्ल, घरातला वडीलधारा, वस्ताद आणि माती अशी चारही टोके जुळलेली असतात, म्हणून कुस्तीतली प्रेरणा वाया जात नाही.

गोल्फच्या बाबतीत सीमाभागात पहिले टोक मोबाइलवर सहज मिळते, उरलेली तीन सहज मिळत नाहीत. १८ होलच्या मैदानाला साधारण १०० ते १५० एकर जमीन आणि बारमाही पाणी लागते. ऊस, भात आणि तंबाखूच्या या पट्ट्यात जमीन आणि पाणी आधी शेतीला मिळावे यात वावगे काही नाही. कर्नाटकातली नामांकित मैदाने आणि प्रशिक्षक मुख्यतः बेंगळुरूभोवती आहेत. बेळगावहून तिथे जायचे म्हणजे राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास. क्लबचा संच, मैदानाचे शुल्क आणि प्रशिक्षकाची फी हा खर्च पगारदार घरालाही जड जातो. त्यातून मार्ग काढायचा तर मोठ्या मैदानाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. पट हा फेरीतला मोठा भाग असतो आणि तो शाळेच्या अंगणात सपाट, दाबलेल्या जागेवर एका जुन्या पटरनेही (पटासाठीच्या क्लबने) शिकता येतो. मुलांसाठी आखूड आणि हलके क्लब मिळतात, जाळी लावून फटक्यांचा सराव घरामागच्या परड्यात होऊ शकतो. भारतीय गोल्फ युनियनच्या कनिष्ठ स्पर्धा वयोगटांनुसार होतात, आणि तिथवर जाण्यापूर्वी पहिली दोन-तीन वर्षे पाया पक्का करण्यात घालवता येतात.

या भागातल्या पालकांना अदितीच्या विजयांपेक्षा तिच्या आईवडिलांची सुरुवात जास्त उपयोगी आहे. त्यांना खेळ येत नव्हता, ते मुलीबरोबर शिकले. तालमीत आजोबांना कुस्ती आधीपासून कळते, गोल्फमध्ये ती सोय इथल्या घरांत नाही. त्यामुळे इथे आईने किंवा वडिलांनी मुलाबरोबरच पहिला पट मारायला शिकावे लागेल, नियमांची पुस्तिका दोघांनी मिळून वाचावी लागेल आणि बेंगळुरूच्या पहिल्या स्पर्धेला बॅग उचलून सोबत जावे लागेल.