उत्तर-आधुनिक तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, प्रामुख्याने फ्रान्समध्ये, सार्वत्रिक बुद्धी, निरपेक्ष सत्य आणि इतिहासाची एकच ठरलेली दिशा या आधुनिक युगाच्या गृहीतकांवर शंका घेणारे जे विचार पुढे आले, त्यांना उत्तर-आधुनिक तत्त्वज्ञान असे नाव पडले. ख्रिस्ती श्रद्धेचे त्याच्याशी असलेले नाते गुंतागुंतीचे आहे. काही ख्रिस्ती विचारवंतांना त्यात श्रद्धेचा पायाच उखडणारा नास्तिकपणा दिसला, तर काहींना त्याने बुद्धिवादाचा अहंकार मोडून श्रद्धेला पुन्हा जागा करून दिली असे वाटले. कोकण किनाऱ्यावर, म्हणजे वसईपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात, ख्रिस्ती धर्म सत्तेबरोबर आला आणि मराठी काव्यातही उतरला. त्यामुळे या वादातील मुख्य प्रश्न इथल्या इतिहासात प्रत्यक्ष तपासून पाहता येतात.

फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी कॅनडातील क्युबेक सरकारच्या विद्यापीठ मंडळासाठी लिहिलेला आणि 1979 साली प्रसिद्ध झालेला अहवाल या चर्चेत सर्वाधिक उद्धृत होतो. महाकथनांवरील, म्हणजे साऱ्या इतिहासाचा अर्थ एकाच कथेत सांगू पाहणाऱ्या कथनांवरील, अविश्वास हे उत्तर-आधुनिक स्थितीचे लक्षण होय, असे त्यांनी त्यात म्हटले. मग सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन आणि ख्रिस्ताद्वारे तारण ही कथा महाकथन ठरते काय? जेम्स के. ए. स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते ती तशी ठरत नाही, कारण ल्योतार यांचा रोख सार्वत्रिक बुद्धीच्या आधाराने स्वतःला सिद्ध करू पाहणाऱ्या कथनांवर आहे आणि शुभवर्तमान ही मुळात घोषणा आहे. हे उत्तर आकर्षक असले तरी अपुरे वाटते. ल्योतार यांनीच नंतरच्या लेखनात प्रेमाद्वारे पापमुक्तीच्या ख्रिस्ती कथनाची गणना महाकथनांत केली आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांच्या विरचनेने, म्हणजे संहितेतील अंतर्विरोध उलगडत जाणाऱ्या वाचनपद्धतीने, कोणत्याही संहितेचा अर्थ अंतिमतः बंद होत नाही हे दाखवले. त्यांच्या लेखनात प्रार्थनेला मोठे स्थान आहे, असे प्रतिपादन अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन कॅप्युटो यांनी 1997 मध्ये केले. कॅथलिक तत्त्वज्ञ झाँ-ल्यूक मारियों यांनी 1982 मध्ये, 'अस्तित्व' या तत्त्वज्ञानातील संकल्पनेत कोंडलेला ईश्वर ही मूर्तीच होय, अशी भूमिका मांडली.

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांचा प्रश्न मात्र कोकणच्या वाचकाला अधिक जवळून भिडतो. ज्ञान आणि सत्ता परस्परांना जन्म देतात, आणि 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने सक्तीचे केलेले वार्षिक पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) हे माणसाला स्वतःविषयीचे सत्य बोलायला लावणारे तंत्र होते, असे त्यांचे विवेचन आहे. पोर्तुगिजांनी 1534 मध्ये वसई मिळवली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ती गमावली. गोव्यात 1560 मध्ये सुरू झालेले धर्मन्यायालय (इन्क्विझिशन), मधला एक छोटा खंड वगळता, 1812 पर्यंत चालले. 1684 मध्ये तर स्थानिकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज वापरावी, असा हुकूम निघाला. श्रद्धेचा प्रसार आणि राज्यसत्तेचा विस्तार येथे वेगळे काढता येत नाहीत, आणि प्रामाणिक ख्रिस्ती इतिहासलेखनाने ते वेगळे काढू पाहूही नये.

तरीही सत्तेच्या हिशेबाने सगळे उलगडत नाही. मूळचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे काव्य, जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती समाजासाठी, त्यांच्याच परिचयाच्या पुराणरूपात रचलेले आहे. एका बाजूने पाहता हे रूप परक्या शिकवणुकीला घरात आणण्याचे साधन ठरते. दुसऱ्या बाजूने पाहता, पुराण ऐकायला बसलेल्या श्रोत्यांच्या सवयी, ओवीची चाल आणि संतकाव्यातून आलेले ईश्वराचे वर्णन यांनी त्या शिकवणुकीलाच नवा आकार दिला. कोणतीही श्रद्धा भाषेबाहेर, परंपरेबाहेर उभी नसते हा उत्तर-आधुनिक सिद्धांत येथे साडेतीनशे वर्षे आधी, कोणत्याही सिद्धांताशिवाय, आचरणात आलेला दिसतो. या काव्याकडे केवळ धर्मांतराचे हत्यार म्हणून पाहणारे वाचन त्यातील मराठीवरील उघड प्रेमाला न्याय देत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 1861 साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंगाचे रूप स्वीकारले आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही संस्थात्मक चौकटीबाहेरची, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुली असलेली बंधुता उभारायचा प्रयत्न केला. 1919 मध्ये ते वारले, त्यामुळे त्यांना उत्तर-आधुनिक म्हणणे कालविपर्यासाचे होईल. परंतु इटालियन तत्त्वज्ञ जान्नी वात्तिमो यांनी 1990 नंतर केलेल्या मांडणीशी, म्हणजे देवाने ख्रिस्तामध्ये स्वतःला रिक्त केले आणि म्हणून श्रद्धेनेही अधिकार व हिंसा सोडली पाहिजे या मांडणीशी, त्यांची वृत्ती ताडून पाहण्याजोगी आहे. फरकही मोठा आहे: वात्तिमो यांच्याकडे सत्याचा दावाच क्षीण होतो, टिळकांची ख्रिस्तावरील निष्ठा मात्र तीळभरही क्षीण झालेली नाही.

याच ठिकाणी ख्रिस्ती परंपरेचा मुख्य आक्षेप उभा राहतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1998 च्या आपल्या परिपत्रात श्रद्धा आणि बुद्धी यांना परस्परपूरक मानले आणि निश्चिततेचा काळ कायमचा संपला असे मानणाऱ्या, सर्व अर्थ नाकारणाऱ्या प्रवाहांविरुद्ध इशारा दिला. इंग्रज धर्मशास्त्रज्ञ जॉन मिलबँक यांनी 1990 मध्ये वेगळा मार्ग घेतला: तटस्थ बुद्धी अस्तित्वात नाही हे मान्य करून त्यांनी ख्रिस्ती कथनच हिंसेऐवजी शांतीला मूळ मानते, म्हणून ते श्रेष्ठ, असा दावा केला. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने, ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. पुनरुत्थानाला समाजाच्या भाषेतला केवळ एक अर्थपूर्ण प्रयोग मानणारी कोणतीही उत्तर-आधुनिक मांडणी या विधानापाशी अडते, आणि वसईच्या वाडीतला पास्काचा (ईस्टरचा, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा) सण पाळणारा श्रद्धावंतही त्या रात्री घडून गेलेल्या घटनेचाच उत्सव करत असतो.