सकाळी जाऊन रात्री घरी: कोल्हापूरच्या सहलींच्या वाटा कुणी पाडल्या

कोल्हापूरच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी 'कुठं जायचं' हा प्रश्न फारसा पडत नाही. पडतो तो 'जेवायचं काय' हा. जागा ठरलेल्याच असतात: पन्हाळा, जोतिबा, नृसिंहवाडी, राधानगरी, गगनबावडा, आंबा. सकाळी निघायचं आणि रात्री आपल्याच अंथरुणात पाठ टेकायची. या सगळ्या जागा शहरापासून साधारण २० ते ८० किलोमीटरच्या आत बसतात. गंमत अशी की यातली एकही जागा लोकांनी फिरायला यावं म्हणून वसलेली नाही आणि तिकडे जाणारा एकही जुना रस्ता सहलीसाठी पडलेला नाही. कुठं देवाला जायचं होतं, कुठं फौज न्यायची होती, कुठं कोकणातला माल वर आणायचा होता, तर कुठं राजाला शिकारीला जायचं होतं. आपण आज डब्बे भरून, गाडीत गाणी लावून जातो ते याच जुन्या कामांच्या वाटेनं.

याचं पहिलं कारण पाण्यात आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि हा संगम शहराच्या वेशीवरच, प्रयाग चिखलीला आहे. या नद्या पश्चिमेच्या डोंगरातून येतात. त्यांची खोरी म्हणजे घाटमाथ्याकडे जायच्या आयत्या वाटा. भोगावतीच्या अंगानं गेलं की राधानगरी आणि पुढं फोंडा घाट. कुंभीच्या अंगानं गेलं की गगनबावडा. पूर्वेला मात्र सगळं सपाट. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथवर काळी जमीन आणि ऊसच ऊस. म्हणजे एका बाजूला दोन तासांत सह्याद्रीचा कडा आणि दुसऱ्या बाजूला तासाभरात कृष्णाकाठ. असं दुहेरी नशीब फार शहरांना मिळत नाही.

सहल हा शब्द शाळेनं रुजवला. त्याआधी घराबाहेर पडून उघड्यावर जेवायचं निमित्त म्हणजे जत्रा. शहरातल्या पेठा आजही आषाढात त्र्यंबोलीची यात्रा काढतात. पंचगंगेचं नवं पाणी भरलेले कलश डोक्यावर घेतलेल्या मुली पुढं, 'पी ढबाक' वाजवणारे मागं, आणि सगळी मिरवणूक टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीकडे. नैवेद्य झाला की गल्लीत मटणाच्या पातेल्यांचा वास सुटतो. नवरात्रात ललिता पंचमीला खुद्द अंबाबाईची पालखी त्याच टेकडीवर जाते आणि कोहाळा फोडला जातो. टेकडी आता शहरातच आली आहे. पण जुन्या कोल्हापूरच्या मानानं ती गावाबाहेरची जागा होती, आणि देवीलाही वर्षातून एकदा गावाबाहेर जावंसं वाटतं, हे मला फार आवडतं.

त्याच चालीतली मोठी वाट वाडी रत्नागिरीची, म्हणजे जोतिबाची. आजचं मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं आणि शेजारचं केदारेश्वराचं १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. ग्वाल्हेरचे शिंदे इथं देऊळ बांधतात यावरून या डोंगराची ओढ कुठवर होती ते कळतं. चैत्र पौर्णिमेला उंच सासनकाठ्या तोलत, नाचवत माणसं डोंगर चढतात. गुलाल इतका उडतो की देवळाच्या दगडांचा, माणसांचा आणि गाड्यांच्या काचांचा रंग एक होऊन जातो. त्यात दवण्याचा वास. 'चांगभलं' म्हणत पूर्वी बैलगाड्या यायच्या, नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आता दुचाक्यांची रांग. एरवीच्या रविवारी मात्र जोतिबा आणि पन्हाळा हे जोडनाव झालं आहे. एकाला गेलं की दुसऱ्याला जायचंच, असा न लिहिलेला नियम.

पन्हाळ्यावर थोडं थांबलं पाहिजे, कारण या शहराच्या जन्माची गोष्ट गडाशी गुंतलेली आहे. किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. अफझलखान पडल्यावर अवघ्या काही दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ ला, शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढच्या वर्षीचा सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशिदांचं बलिदान, घोडखिंडीत बाजीप्रभू, हे सगळं इथल्या पोराला पाळण्यातच कळतं, म्हणून पुन्हा सांगत नाही. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदनं ६० माणसांनिशी गड परत घेतला, हा पराक्रम मात्र त्या मानानं कमी सांगितला जातो. पुढं ताराराणींनी कारभार इथून चालवला आणि १७८२ पर्यंत राज्याचं ठाणं पन्हाळाच होता. मग राजधानी खाली कोल्हापुरात आली. सरळच सांगायचं तर आपण रविवारी पिठलं-भाकरी खायला जातो ते आपल्या जुन्या राजधानीत.

गडावर अंबरखाना बघताना बरेच जण दोन फोटो काढून पुढं सरकतात. तिथं जरा उभं राहावं. गंगा, यमुना, सरस्वती नावाची ही तीन धान्याची कोठारं. त्यातली गंगा सगळ्यात मोठी, २५,००० खंडी धान्य मावेल एवढी. आत शिरलं की भर उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागतो. भिंतींची जाडी आणि वरून धान्य ओतायची सोय बघितली की महिनोन्‌महिने वेढ्यात टिकून राहणं कशाच्या जिवावर होतं ते ध्यानात येतं. अंधारबावही तशीच. तीन मजली, बाहेरून बघणाऱ्याला साधी इमारत वाटावी आणि तळाशी विहीर. शत्रूनं पाण्यात विष कालवलं तर काय, याचं ते उत्तर होतं.

आता गाडी थेट गडावर कशी जाते, याची गोष्ट १८४४ मध्ये आहे. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांच्या सल्ल्यानं दाजी कृष्ण पंडित कारभारी झाले आणि त्यांनी किल्ल्यांवरच्या गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्कांना हात घातला. सामानगड आणि भुदरगडच्या शिबंदीनं दरवाजे लावून घेतले. उठाव पसरला. दौऱ्यावर असलेला साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर कोंडलं गेलं. डिसेंबरच्या सुरुवातीला इंग्रजी तोफांनी गड पाडला. त्यानंतर चार दरवाजा हे प्रवेशद्वार जमीनदोस्त केलं गेलं. आपली गाडी आज गडावर शिरते ती या पाडलेल्या दरवाजाच्या बाजूनं. दरवाजा उभा असता तर सहलीच्या बसला वळण घेता आलं असतं का, याची शंकाच आहे. तीन दरवाजा वाचला. त्याच्यावरचं कोरीवकाम बघून जे गेलं त्याची हळहळ वाटते.

गडकऱ्यांचं बंड मोडल्यावर पन्हाळ्याला लढाईचं काम उरलं नाही. हवा थंड, शहर जवळ. हळूहळू बंगले झाले, हवापालटाला माणसं यायला लागली. शाहू महाराजांच्या काळात या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोगही झाले. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा आणि इथलाच. पण त्यांच्या नावानं कुणी सहल काढल्याचं ऐकिवात नाही.

पन्हाळा राजधानीमुळे माहीत झाला, तसं राधानगरी-दाजीपूरचं जंगल टिकलं ते शिकारीमुळे. हे ऐकायला उलटं वाटतं. दाजीपूरचं रान हे छत्रपतींचं राखीव शिकारक्षेत्र होतं. राखीव म्हणजे इतरांना बंदी, आणि इतरांना बंदी म्हणून कुऱ्हाडही आत शिरली नाही. शाहू महाराजांचा शिकारीचा नाद प्रसिद्ध होता. काळविटांच्या शिकारीसाठी कोल्हापूर दरबारात माणसाळवलेले चित्ते असत. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात. शहराजवळचा सोनतळी कॅम्प हे महाराजांचं आवडतं ठिकाण होतं. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५८ मध्ये दाजीपूरच्या त्या रानाचं अभयारण्य झालं, गव्यांसाठी राखलेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये हद्द वाढून ते ३५१ चौरस किलोमीटरचं झालं आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं.

राधानगरीच्या धरणाची गोष्ट वेगळ्या कारणाची. १८९९-१९०० च्या दुष्काळात शाहू महाराजांनी राज्यातली परवड डोळ्यांनी पाहिली आणि त्यानंतर पाणी अडवायचं धोरण धरलं. भोगावतीवरच्या धरणाचं काम १९०७-०८ च्या सुमारास सुरू झालं. लेक राधाबाई अक्कासाहेब यांच्या नावावरून वसाहतीचं नाव राधानगरी झालं. पैशाअभावी आणि महायुद्धाच्या काळात काम रेंगाळलं, महाराज १९२२ मध्ये गेले, आणि धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे हा आजही पावसाळ्यातला कोल्हापूरचा बातमीचा विषय असतो. पाण्याची पातळी वाढली की ते आपोआप उघडतात आणि पाणी ओसरलं की आपोआप बंद होतात. 'किती दरवाजे उघडले?' हा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये पानाच्या टपरीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत सगळीकडे विचारला जातो. त्याच्या उत्तरावर पंचगंगेची पातळी आणि पर्यायानं शहरातल्या निम्म्या लोकांची झोप ठरते. राऊतवाडीचा धबधबा बघायला जाणारी गर्दीही याच रस्त्यानं जाते. दाजीपूर मात्र पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, हे दरवर्षी कुणीतरी फाटकापाशी पोचल्यावर समजून घेतं.

घाटमाथ्याच्या बाकीच्या वाटा मालाच्या. गगनबावडा ही पंत अमात्य बावडेकरांची जहागीर. इथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. आज लोक जातात ते धुकं, गगनगड आणि पाऊस यांच्यासाठी. आंबा घाटातून रत्नागिरीचा रस्ता. त्याच अंगाला विशाळगड आणि पावनखिंड. पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत पायी जायची मोहीम दर जुलैत निघते, पण ती एका दिवसाची नव्हे आणि चिखलाला भिणाऱ्याची तर नव्हेच. विशाळगडावर २०२४ च्या जुलैत अतिक्रमणाच्या वादातून हिंसाचार झाला; त्यानंतर बराच काळ तिथं जाण्यावर निर्बंध होते.

पूर्वेकडे वळलं की मुक्काम नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, बासुंदी आणि कवठाची बर्फी. पावसाळ्यात नदी चढून पादुकांवरून दक्षिणेकडच्या दारानं वाहू लागली की दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि ज्या पुराची शहरात धास्ती असते त्याच पुरात इथं भाविक स्नानाला येतात. तिथून पुढं खिद्रापूर. नृसिंहवाडीला जाणाऱ्यांतले अर्धेसुद्धा पुढं जात नाहीत, याचं मला नवल वाटतं. कोपेश्वराचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पन्हाळा बांधणाऱ्या भोजाच्याच घराण्याचं. त्यांचं राज्य यादवांनी बुडवलं, आणि यादव राजा सिंघणाचा शिलालेख इथंच आहे. देवळापुढं नंदी नाही. लोक सांगतात, तो कृष्णेपलीकडे येडूरला आहे. पुढचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा. त्याच्याभोवती १२ खांबांचं वर्तुळ आणि बरोबर खाली तेवढ्याच घेराची शिळा. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलात येतो तेव्हा लोक मान वर करून उभे असतात. बाहेरच्या पायथ्याला हत्तींची रांग आहे, ती आधी फिरून बघावी, मग आत जावं.

या सगळ्या जागा शतकानुशतकं तिथंच आहेत. त्या एका दिवसात बसायला लागल्या त्या वाहनांमुळे. मिरजेहून आगगाडी १८९१ मध्ये कोल्हापुरात आली, पण रूळ पूर्वेलाच संपले. डोंगराकडे नेलं ते एसटीनं. शाळांच्या सहली, देवाच्या खास गाड्या, लग्न झालेल्या जोडप्यांचं जोतिबादर्शन, सगळं लाल डब्यातून. मग वडाप आलं. जीप नाहीतर ट्रॅक्समध्ये दहाच्या जागी अठरा माणसं आणि टपावर पातेली. रस्सा मंडळांना, म्हणजे बाहेर जाऊन मटण रांधून जेवणाऱ्या टोळक्यांना, याहून सोयीचं वाहन नव्हतं: मटण, कांदे-लसूण चटणी, सरपण, गडी, सगळं एकाच फेरीत नदीकाठी. पुण्या-बेंगळुरूचा महामार्ग चौपदरी झाल्यावर उलटी वाहतूक सुरू झाली. बाहेरची माणसं अंबाबाईला येतात आणि तिथून पन्हाळा-जोतिबा करून परततात. त्यांचीही सहल एका दिवसाचीच, फक्त पहाट जास्त लवकरची.

रस्ता मात्र डोंगराच्या मर्जीवर. २०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत पन्हाळ्यावर शिरणारा मुख्य रस्ता खचला आणि पुढं कित्येक महिने चारचाकी वर जाऊ शकली नाही. बुरुजावर मडक्यातलं दही आणि कणसं विकणाऱ्यांचं त्या काळात काय झालं असेल, ते सांगायला नको. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. कोल्हापुरात पेढे वाटले गेले. गडावर राहणाऱ्यांना मात्र आनंदाबरोबर काळजीही वाटली. बाराजणांच्या यादीत पन्हाळा हा वस्तीचा गड आहे: तिथं नगरपरिषद आहे, घरं आहेत, शाळा आहेत. घराची भिंत दुरुस्त करायची तर आता कुणाकुणाची परवानगी लागेल, हा त्यांचा प्रश्न आहे. दर रविवारी खालून चढणाऱ्या गाड्या कुठं लावायच्या, हा दुसरा.